सामाजिक शास्त्रांची पदवी आणि कर्जाचे घड्याळ

‘इतिहास घेऊन पुढे काय करणार?’ हा प्रश्न बंगाली मध्यमवर्गात पूर्वी जरा अशिष्टच मानला जाई. मी राहतो त्या बालीगंज परिसरात तर विशेषच. लेक टेरेसवर सर जदुनाथ सरकार यांचे घर आहे. शिवाजी महाराजांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे आणि रियासतकार सरदेसाईंशी दीर्घ स्नेह असलेले सरकार महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. 1973 मध्ये स्थापन झालेल्या येथील सामाजिक शास्त्र अध्ययन केंद्राचे काम अनेक वर्षे याच घरातून चालले. कलकत्ता विद्यापीठाचे मानववंशशास्त्र आणि भूगोल हे विभागही बालीगंजमधल्याच संकुलात आहेत. आता याच वस्तीतील पालक तो प्रश्न उघडपणे विचारतात, आणि सोबत बँकेच्या हप्त्याचा हिशेबही मांडतात. त्यांना नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही.

हा हिशेब सगळ्यांना लागू नाही, हे आधी सांगायला हवे. सरकारी विद्यापीठात घरी राहून शिकणाऱ्यावर कर्जाची वेळ सहसा येत नाही. मुलगी एम.ए.साठी दिल्ली, मुंबई किंवा पुण्याला निघाली, अथवा खासगी विद्यापीठात गेली, की वसतिगृह, खानावळ आणि शुल्क मिळून लाखांचे आकडे उभे राहतात. समजा, दोन वर्षांत पाच लाखांचे कर्ज घेतले आणि व्याजदर साडेदहा टक्के आहे. शिक्षणाची दोन वर्षे आणि नंतरचे एक वर्ष हप्ता नाही. पण व्याज चढतच राहते. परतफेड सुरू होताना देणे सुमारे सहा लाख एकतीस हजार झालेले असते आणि सात वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता दहा हजार सहाशेच्या घरात जातो. पहिल्या नोकरीत वीस-बावीस हजार हाती पडत असतील, तर निम्मा पगार बँकेचा.

हेच पाच लाख पश्चिम बंगाल सरकारने 2021 मध्ये सुरू केलेल्या विद्यार्थी क्रेडिट कार्डावर मिळाले, तर चित्र पालटते. या योजनेत दहा लाखांपर्यंतचे कर्ज चार टक्के सरळ व्याजाने मिळते, हमी राज्य सरकारची आणि मुदत पंधरा वर्षांची. माझ्या अंदाजाने हप्ता पाच हजारांच्या आत येतो. बँका हात आखडता घेतात, अशी तक्रार या योजनेबद्दल सुरुवातीपासून आहे आणि ती गंभीर आहे. पण पदवी तीच, विद्यार्थिनी तीच, पगार तोच असताना हप्ता निम्म्याहून कमी होतो, एवढे तरी त्यातून दिसते. ‘आर्ट्‌सला पैसा नाही’ या सरधोपट वाक्यात नेमके हेच झाकले जाते.

सामाजिक शास्त्रांतील कमाई मुळात उशिरा सुरू होते. एम.ए., मग नेट, मग पीएच.डी. हा क्रम तिशीपर्यंत पोहोचतो. कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली तर महिना 37 हजार रुपये मिळतात. पण ती फार थोड्यांना मिळते. उरलेल्यांचा आधार शाळा-महाविद्यालयांतील नोकऱ्या. बंगालमध्ये त्या आधाराचे काय झाले, हे 3 एप्रिल 2025 रोजी साऱ्या देशाने पाहिले. सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या भरतीतील 25,753 शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या नेमणुका रद्द केल्या. घोटाळा करणारे आणि प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेले एकाच यादीत गेले. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणाऱ्या नेटधारकांना हे दुःख वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आणि धोरण काय करते? केंद्राची व्याजमाफी 2009 पासून तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम विद्यालक्ष्मी’ने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना तीन टक्के सवलतीचे दार उघडले, पण तेथेही प्राधान्य सरकारी संस्थांत तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्यांनाच. म्हणजे अभियंत्याची कमाई लवकर सुरू होते म्हणून त्याला मदत, आणि इतिहासाच्या विद्यार्थिनीची उशिरा सुरू होते म्हणून तिच्यावर पूर्ण व्याज. सवलतीचे हे तर्कशास्त्र मला उलटे वाटते. ‘देशाला अभियंते हवेत’ हे उत्तर ठरलेले आहे. मात्र 2021-22 च्या सर्वेक्षणानुसार पदवी स्तरावरील सुमारे 34 टक्के विद्यार्थी कला शाखेत होते, तर अभियांत्रिकीत 12 टक्क्यांच्या आसपास.

ऑस्ट्रेलियाने 1989 मध्ये वेगळी वाट धरली. तेथे परतफेड पदवीच्या तारखेवर नव्हे, उत्पन्नावर ठरते. ठरावीक मर्यादा ओलांडेपर्यंत काही द्यावे लागत नाही आणि नंतरची वसुली प्राप्तिकराबरोबर होते. आपल्याकडे करदाते थोडे आणि असंघटित रोजगार मोठा, हा आक्षेप खरा आहे. तरीही भविष्यनिर्वाह निधीचे खाते आणि पगारातून कापला जाणारा कर यांच्याआधारे निदान संघटित क्षेत्रात शिरलेल्यांसाठी हे आजही करता येईल. इतरांसाठी एका वर्षाची सूट तीन वर्षांची करावी आणि त्या काळातील व्याज सरकारने सोसावे. हे फुकट होणार नाही. पण बुडीत कर्जेही फुकट नसतात, आणि ती टाळण्यासाठी बँका मग अशा अर्जदारांना दारातूनच परतवू लागतात.

नेमणुका रद्द झाल्यानंतर सप्टेंबर 2025 मध्ये बंगालमध्ये शिक्षक भरतीची परीक्षा पुन्हा झाली. नऊ वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेले शिक्षक त्या दिवशी नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलांशेजारी बसून पेपर लिहीत होते. त्यांतल्या ज्यांच्यावर कर्ज होते, त्यांचा हप्ता त्या महिन्यातही चुकला नाही.