चवदार पाणी

पाणी हें रंगहीन, गंधहीन व रुचिहीन आहे असें आपण सर्वांनीं लहानपणीं पाठ केलें आहे; परंतु तहानेनें व्याकूळ झालेल्या मनुष्यास हें वाक्य कोणी ऐकवूं लागेल तर तो तें खचित मानणार नाहीं. वैशाखाच्या दुपारीं पनवेलच्या स्थानकापासून चालत घरीं आलेल्यास माठांतील पहिला पेला जितका गोड लागतो तितकें दुसरें कोणतेंही पेय गोड लागत नाहीं. शास्त्रदृष्ट्या पाहिलें तरी पाण्यास चव असतेच. जमिनींतील क्षार त्यांत विरघळतात, हवा त्यांत मिसळते, आणि म्हणूनच एका विहिरीचें पाणी गोड व दुसरीचें मचूळ असें आपण म्हणतों. पाणी उकळलें म्हणजे त्यांतील हवा निघून जाते व तें बेचव लागतें. तेंच या भांड्यांतून त्या भांड्यांत चार वेळां उंचावरून ओतलें म्हणजे पुन्हां चवीस येतें.

अशा या पाण्यास आणखी चव आणण्याची हौस मनुष्यास फार जुनी आहे. अलीकडे या हौसेचा मोठा व्यापार झाला आहे. लिंबाचें, संत्र्याचें, पुदिन्याचें, अशा नाना स्वादांचें पाणी बाटल्यांत भरून विकावयास असतें, आणि क्रीडांगणावर तें आमच्या विद्यार्थ्यांच्या हातांत दिसतें. हें पाणी घ्यावें कीं न घ्यावें, घ्यावयाचें तर कसें पारखावें, आणि घरीं करावयाचें तर कसें करावें, याविषयीं आमचें मत आम्ही येथें मांडीत आहों. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु जी वस्तु आपण दिवसांतून आठदहा वेळां तोंडास लावतों ती क्षुल्लक कशी?

प्रथम घरच्या रीतीकडे पाहूं. उन्हाळा लागला कीं माठ येतो, आणि माठाबरोबर वाळा येतो. वाळा म्हणजे एका गवताचीं सुवासिक मुळें. तीं धुऊन, दोऱ्यानें बांधून माठांत सोडलीं कीं पाण्यास पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. कोणी सायंकाळीं मोगऱ्याच्या कळ्या टाकतात, कोणी तुळशीचीं पानें. पोट बिघडलें तर जिऱ्याचें किंवा धन्याचें पाणी. ऊन लागलें तर कोंकणांतील घरोघरीं कोकम आहेच. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास पन्हें न मिळालें तर पाहुण्या बायका मनांत काय म्हणतील हें सांगावयास नको.

या आवडीस शास्त्राचाही आधार होता. आयुर्वेदांत षडंगपानीय म्हणून एक प्रकार सांगितला आहे. नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा व सुंठ हीं सहा द्रव्यें पाण्यांत उकळून, तें पाणी निवल्यावर तापाच्या रोग्यास तहान लागेल तसें थोडें थोडें देतात. आयुर्वेदीय औषधें करणारा धूतपापेश्वर हा कारखाना १८७२ सालीं आमच्या पनवेलांतच निघाला. तेव्हां वाळ्याचे व सुंठीचे गुण या गांवास नवे नाहींत. यांत ध्यानांत धरण्याजोगी गोष्ट एवढीच कीं, त्या रीतींत सुवास व अग्नि बरोबर असतात. पाणी आधीं उकळतें, मग तें रोग्याच्या ओठांस लागतें.

हाच आमचा पहिला नियम आहे: आधीं शुद्धता, मग स्वाद. चव ही पाण्याच्या शुद्धतेची खूण नव्हे. याचें एक दुःखद उदाहरण इतिहासांत नमूद आहे. १८५४ सालीं लंडन शहरांत ब्रॉड स्ट्रीट नांवाच्या रस्त्याच्या आसपास पटकीची सांथ उसळली. डॉक्टर जॉन स्नो यांनीं मेलेल्यांची घरोघर चौकशी केली, तेव्हां त्यांस आढळलें कीं, बहुतेक सर्वजण एकाच पंपाचें पाणी पीत होते. परंतु एका मृत्यूचा उलगडा प्रथम होईना. हॅम्पस्टेड या दूरच्या भागांत राहणारी एक विधवा पटकीनें वारली होती, आणि त्या भागांत तर सांथ नव्हती. चौकशीअंतीं कळलें कीं, ती बाई पूर्वीं ब्रॉड स्ट्रीटजवळ राहत असे. तेथील पाण्याची चव तिच्या जिभेस इतकी आवडली होती कीं, ती तें पाणी बाटलींत भरवून गाडीवरून मागवीत असे. तिच्या भेटीस आलेली एक नातलग तेंच पाणी प्याली व तीही वारली. ज्या पाण्याची चव गोड म्हणून तें मुद्दाम दुरून आणविलें, त्याच पाण्यानें प्राण घेतला.

आमचें पनवेल हें पूर्वींपासून तळ्यांचें गांव. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे हीं नांवें येथें लहान मुलांसही ठाऊक आहेत. येथें नगरपालिका १८५२ सालीं झाली आणि २०१६ सालीं तिची महानगरपालिका झाली. माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशीं गाढी नदीवर देहरंगचें धरण आहे; त्याचें पाणी शहरास येतें. पण वस्ती वाढत गेली, आणि उन्हाळ्यांत धरणाची पातळी खालीं गेली कीं शहरास बाहेरच्या योजनांवर विसंबावें लागतें, टँकरची वाट पाहावी लागते. टँकरांतून, इमारतीच्या टाकींतून, नळांतून, हंड्यांतून असा प्रवास करून आलेल्या पाण्यांत तुळशीचीं चार पानें टाकलीं म्हणजे तें शुद्ध झालें असें मानणें ही आत्मवंचना होय. तुरटीनें गाळ खालीं बसतो, निवळीच्या बियांनींही बसतो. परंतु पाणी नितळ दिसणें आणि त्यांत रोगजंतु नसणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिंबू, पुदिना, वाळा यांच्यानें उकळण्याचें काम होत नाहीं. पाण्याविषयीं शंका असेल तर तें खळखळ उकळूं लागल्यावर निदान एक मिनिट तसेंच उकळूं द्यावें, झांकून निववावें, आणि मग त्यास हवा तो सुवास द्यावा.

आतां बाटलीविषयीं. बाटली विकत घेणें हें पाप आहे असें आम्ही म्हणत नाहीं. प्रवासांत, जत्रेंत, अनोळखी ठिकाणीं सीलबंद बाटली पुष्कळ वेळां उपयोगीं पडते. परंतु घेतांना पुढील चित्र न पाहतां मागील बारीक अक्षरें वाचावीं. घटकद्रव्यांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानें छापावी लागते. म्हणून पाण्याच्या लगेच मागून साखर आली असेल तर हातांत पाणी नसून सरबत आहे असें समजावें. बाटलीवर संत्र्याचें चित्र असलें तरी आंत संत्र्याचा रस असेलच असें नाहीं. नुसता स्वाद व आम्ल घालूनही ती चव आणतां येते. साखरेचा आंकडा बहुधा १०० मिलिलिटरला दिलेला असतो, तो पाहून पुष्कळांची फसगत होते. समजा, तेथें ८ ग्रॅम लिहिलें आहे. बाटली अर्ध्या लिटरची असेल तर त्यास पांचानें गुणावें, म्हणजे ४० ग्रॅम, सुमारें आठ चमचे साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितलें कीं, वरून घातलेली व रसांतून सुटी मिळणारी साखर एकंदर आहारशक्तीच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, आणि पांच टक्क्यांहून कमी असल्यास अधिक हितकर. दोन हजार कॅलरीच्या आहारांत दहा टक्के म्हणजे सुमारें ५० ग्रॅम. एका बाटलींत त्यांतील ४० संपले तर दिवसभराच्या चहास, लाडवास व बिस्किटास उरलें काय? कोणी म्हणेल, आम्ही साखरेविना गोड असलेली बाटली घेतों. त्याच संघटनेनें २०२३ सालीं असाही सल्ला दिला कीं, वजन आटोक्यांत ठेवण्यासाठीं अशा कृत्रिम गोडीचा आश्रय करूं नये. गोडीची संवय जिभेस लागली कीं साधें पाणी तिला नकोसें होतें, आणि आमच्या मतें खरी हानि हीच.

घरीं करणारांनींही कांहीं पथ्यें पाळावीं. वाळ्याची जुडी दोन दिवसांनीं काढून, धुऊन, उन्हांत कडकडीत वाळवावी. बुळबुळीत झाली तर टाकून द्यावी. मोगरा घरच्या वेलीचा असेल तरच माठांत टाकावा. बाजारच्या गजऱ्यावर काय फवारलें आहे तें आपणांस ठाऊक नसतें. लिंबू, कोकम, चिंच असे आंबट पदार्थ तांब्याच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यांत ठेवूं नयेत, कारण आंबटपणानें धातु पाण्यांत उतरतो. कांच, चिनी माती किंवा स्टेनलेस स्टील बरें. फळांच्या फोडी घातलेलें पाणी सकाळीं करून त्याच दिवशीं संपवावें. रस्त्यावरील सरबतांत पडणारा बर्फ कोठून आला हेंही पाहावें; मासळी टिकविण्यासाठीं केलेला बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असें नाहीं, आणि म्हणूनच अशा बर्फास निळा रंग देण्याचा दंडक महाराष्ट्रांत २०१८ सालीं घालण्यांत आला.

येथवर जिभेचा व पोटाचा विचार झाला. परंतु ज्या प्रसंगामुळें आम्हांस हा लेख लिहावासा वाटला तो सांगितल्याशिवाय आमचें म्हणणें पुरें होणार नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत एका मैदानावर मुलांचे सामने चालले होते. मध्यंतरांत मुलें सावलींत बसलीं. कोणाच्या हातीं पिवळी बाटली, कोणाच्या हिरवी. कोणाचा स्वाद सरस यावर वाद रंगला. एक मुलगा मात्र थोडा दूर, पाठ करून बसला होता. त्यानें घरचें साधें पाणी एका जुन्या बाटलींत भरून आणलें होतें, आणि तें कोणास दिसूं नये म्हणून तो ती पिशवींतल्या पिशवींत तोंडास लावीत होता. घरून भरलेल्या पाण्याची मुलास लाज वाटावी, हें पाहून आम्हांस वाईट वाटलें. आणि आमच्याच जिल्ह्यांतील एका तळ्याची आठवण झाली.

पनवेलाहून जो महामार्ग दक्षिणेस गोव्याकडे जातो त्यावरच महाड आहे, आणि महाडांतील त्या तळ्याचें नांवच चवदार तळें. तें पाणी सार्वजनिक होतें. गुरेंढोरेंही तें पीत. परंतु अस्पृश्य मानलेल्या माणसांस तें मना होतें. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा ठराव रावबहादुर बोले यांनीं १९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत मांडून संमत करून घेतला, आणि महाडच्या नगरपालिकेनेंही तळें खुलें केल्याचें जाहीर केलें. तरी प्रत्यक्षांत कोणास तेथें ओंजळ भरतां येत नव्हती. २० मार्च १९२७ रोजीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हजारों अनुयायांसह त्या तळ्यावर गेले व तें पाणी प्याले. त्यानंतर कांहीं लोकांनीं शेण, गोमूत्र, दूध व दही घातलेल्या १०८ घागरी ओतून तें तळें ‘शुद्ध’ करून घेतलें! तळ्याचा तंटा न्यायालयांत गेला, आणि शेवटीं १९३७ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें अस्पृश्यांच्या बाजूनें निकाल दिला. एक ओंजळ पाण्यासाठीं दहा वर्षें लागलीं.

मुलांच्या रंगीत बाटल्या आणि तो अन्याय यांची बरोबरी करण्याचा आमचा हेतु नाहीं. तो मानवतेचा प्रश्न होता, हा मुलांचा खेळ आहे. परंतु ‘माझें पाणी वरचें, तुझें खालचें’ हा विचार कोठेंही व कितीही लहान रूपानें उगवला तरी तो वेळींच उपटून टाकावा, एवढें शिकण्यास महाड आम्हांस पुरेसें जवळ आहे. शिवाय आपल्या समाजांत याच्या उलट एक सुंदर रीतही आहे, ती म्हणजे पाणपोई. उन्हाळ्यांत रस्त्याच्या कडेस रांजण भरून ठेवावेत, वर ओलें फडकें असावें, आणि येईल त्यास नांवगांव न विचारतां पाणी द्यावें. रांजणांत वाळा घातला असेल तर तो वाटसरूच्या आनंदासाठीं. तेथें सुवास होता, पण त्याची किंमत वाटसरूस द्यावी लागत नसे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. चैत्र लागतांच प्रत्येक शाळेनें आपल्या ओसरीवर दोन मोठे माठ मांडावेत. पाणी गाळून, उकळून किंवा यंत्रानें शुद्ध करून त्यांत भरावें; एका माठांत वाळा घालावा व दुसरा साधा असावा, म्हणजे ज्याची त्याची आवड राहील. माठ रोज घासणें, वाळा वाळविणें, ओगराळें स्वच्छ ठेवणें हीं कामें वर्गांनीं पाळीपाळीनें करावीं. मुख्याध्यापकांनीं, शिक्षकांनीं व शिपायांनींही तेंच पाणी प्यावें. मग पिशवींत बाटली लपविण्याचें कारण उरणार नाहीं, आणि पालकांचे पैसेही वांचतील.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, तुम्हांस स्वादाची आवड असावी यांत कांहीं वावगें नाहीं. बाटली घ्याल तर वाचून घ्या. घरीं कराल तर शुद्ध पाण्यांत करा. आणि पिण्यापूर्वीं शेजारच्याच्या हातांत काय आहे तेंही एकदां पाहा. त्याचा पेला रिकामा असेल तर आधीं तो भरा. मग तुमच्या पाण्यांत वाळा असो वा नसो, तें गोडच लागेल.