सलग सहा वर्षं देशात अव्वल, मग गोव्याच्या फुटबॉल क्लबांचं गणित कुठे चुकलं?

६ एप्रिल २०२५. रविवार, त्यात रामनवमी. त्या दिवशी गोव्यातल्या फुटबॉलवेड्या घरांत एक मोबाइल पुरला नसता. आय-लीगचा शेवटचा दिवस होता आणि चर्चिल ब्रदर्सचा संघ श्रीनगरात रिअल काश्मीरशी खेळत होता. तिकडे कोळीकोडमध्ये डेंपोची गाठ गोकुलम केरळाशी होती. गोकुलम जिंकला असता तर त्याचे ४० गुण झाले असते आणि चर्चिलच्या विजेतेपदाला थेट धोका होता. म्हणजे सासष्टीतला चर्चिलचा चाहता त्या दिवशी चक्क पणजीच्या डेंपोसाठी देव पाण्यात ठेवून बसला असणार. एरवी हे दोन क्लब एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

डेंपो ४-३ ने जिंकला. चर्चिलची १-१ बरोबरी झाली. गुणतक्त्यात चर्चिल ४०, इंटर काशी ३९.

आणि संध्याकाळी फातोर्ड्यात एफसी गोवा विरुद्ध बेंगळुरू एफसी, आयएसएलची दुसरी उपांत्य लढत. पहिल्या लढतीत गोवा ०-२ ने हरला होता. या सामन्यात २-० अशी आघाडी घेऊन गोव्याने हिशेब बरोबरीत आणला आणि इंज्युरी टाइममध्ये सुनील छेत्रीने गोल करून सगळ्यावर पाणी फिरवलं. छेत्रीचं वय तेव्हा ४० होतं, आणि २०१२-१३ मध्ये चर्चिल देशाचा विजेता ठरला त्या संघात तो होता. फुटबॉलला अशा गोष्टी बऱ्या सुचतात.

एका राज्याचे तीन क्लब, दोन वेगवेगळ्या लीग, आणि सगळ्यांचा निकाल एकाच दिवशी. हंगामभर क्लबच्या मागे धावणाऱ्या चाहत्याला याहून जास्त काय हवं असतं? पण याच हंगामाचा शेवट पुढे तीन महिने लागलाच नाही, आणि लागला तेव्हा तो मैदानात लागला नाही.

४० गुण मिळवूनही चर्चिल दुसरा कसा?

प्रकरण जानेवारी २०२५ मधल्या एका सामन्याचं आहे. इंटर काशी त्या सामन्यात पंजाबच्या नामधारी एफसीकडून हरला. नामधारीने खेळण्यास अपात्र असलेला खेळाडू उतरवला, अशी काशीची तक्रार होती. महासंघाच्या शिस्तपालन समितीने काशीच्या बाजूने निकाल दिला. अपील समितीने तो १८ एप्रिलला उलटवला. चर्चिल विजेता जाहीर झाला आणि २७ एप्रिलला करंडकही हातात पडला. त्याच दिवशी स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाचा आदेश आला, की अंतिम निर्णय होईपर्यंत विजेता ठरवू नका. पुढे लवादाने काशीची बाजू मान्य केली. ३९ अधिक ३ म्हणजे ४२. एका काशीच्याच खेळाडूच्या फेरनोंदणीचा दुसरा वादही १८ जुलैला काशीच्या बाजूने सुटला आणि काशी विजेता ठरला.

यात काशीला दोष देण्यात अर्थ नाही. नियम त्यांच्या बाजूने होता, ते भांडले आणि जिंकले. चर्चिलनेही मैदानात काही चुकीचं केलं नव्हतं. चूक आहे ती १३ जानेवारीच्या आठवड्यात झालेल्या सामन्याचे तीन गुण कोणाचे, हे ठरवायला जुलै उजाडू देणाऱ्या भारतीय फुटबॉल महासंघाची. मधल्या काळात सगळे संघ चुकीच्या गुणतक्त्याकडे बघून डावपेच आखत होते. शेवटच्या दिवशी कोणाला विजय हवा, कोणाला बरोबरी पुरते, हे गणितच कच्च्या आकड्यांवर उभं होतं.

आणि पणाला फक्त करंडक नव्हता. आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलमध्ये बढती मिळते. चर्चिलचं विजेतेपद टिकलं असतं तर देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये गोव्याचे दोन क्लब असते. एफसी गोवा विरुद्ध चर्चिल, तेही फातोर्ड्यात, लीगचे गुण पणाला लावून. आयएसएल सुरू झाल्यापासून असा सामना गोव्याने पाहिलेला नाही.

चर्चिलसाठी तर हे दुसऱ्यांदा झालं. २०२०-२१ मध्ये चर्चिल आणि गोकुलम दोघांचे २९ गुण होते. आपसातल्या सामन्यांच्या निकषावर गोकुलम विजेता ठरला. तो निर्णय मात्र मैदानातलाच होता, म्हणून त्यावर कोणी फार काळ कुढत बसलं नाही.

पूर्वी गोवा खरंच इतका पुढे होता का?

आजच्या विशीतल्या वाचकाला सांगितलं तर पटणार नाही. आय-लीग २००७-०८ मध्ये सुरू झाली. पहिलं विजेतेपद डेंपोला. मग चर्चिल, पुन्हा डेंपो, मग साळगावकर, पुन्हा डेंपो, आणि २०१२-१३ मध्ये पुन्हा चर्चिल. सहा हंगाम, सहाही वेळा विजेता गोव्याचा. कोलकात्याचे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे देशातले सर्वांत मोठे क्लब, पण या सहा वर्षांत त्यांच्या वाट्याला एकदाही पहिला क्रमांक आला नाही.

त्याआधीच्या राष्ट्रीय लीगमध्येही साळगावकरने १९९८-९९ मध्ये आणि डेंपोने २००४-०५ आणि २००६-०७ मध्ये बाजी मारली होती. डेंपोची पाचही राष्ट्रीय विजेतेपदं प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या काळातली. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही नावं गोव्यात जशी घरोघरी होती, तशीच भारतीय संघातही होती. २००८ मध्ये डेंपो एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला.

हे क्लब चालत कसे? डेंपो आणि साळगावकर ही उद्योग घराणी, चर्चिल ब्रदर्स हा माजी मुख्यमंत्री चर्चिल आलेमाव यांच्या कुटुंबाचा. पैसा मालकांचा, तिकीटविक्रीचा नव्हे. २०१२ च्या खाणबंदीमुळे पैसा आटला आणि क्लब बसले, असं सोपं उत्तर आजही ऐकू येतं. पण डेंपोने आपला लोहखनिजाचा धंदा २००९ मध्येच सेसा गोवाला विकला होता आणि त्यानंतरही दोनदा आय-लीग जिंकली. खाणबंदीने गोव्याचं अर्थकारण हललं, यात शंका नाही. क्लब मात्र वेगळ्याच कारणाने बाहेर पडले.

मग २०१६ मध्ये काय घडलं?

२०१४ मध्ये आयएसएल आली. एफसी गोवाच्या पहिल्या मालकांमध्ये श्रीनिवास डेंपो आणि दत्तराज साळगावकर हेही होते. जुन्या घराण्यांना नव्या लीगचं वावडं होतं, असं म्हणता येत नाही. २०१५ ची अंतिम लढत तर फातोर्ड्यातच झाली. चेन्नईयनने ती ३-२ ने जिंकली.

अडचण पुढे आली. आयएसएल हीच देशाची पहिली लीग आणि आय-लीग तिच्या खाली, असा आराखडा महासंघाने २०१६ मध्ये मांडला. खालून वर जाण्याची वाट त्यात नव्हती. डेंपोची गोष्ट इथे नीट बघायला हवी. हा पाच वेळचा राष्ट्रीय विजेता २०१४-१५ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला. मालकांनी संघ बंद केला नाही. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळून, ती जिंकून, संघाने पुढच्याच हंगामात आय-लीगची जागा परत कमावली. आणि तेव्हाच सांगण्यात आलं की ही पायरी आता वरची राहिलेली नाही. शिडी चढून आलेल्या माणसाला वरचा मजला दुसऱ्याला विकल्याचं सांगावं, तसं. २०१६ मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले.

डेंपोला परतायला २०२४-२५ उजाडलं. साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीगमध्ये अजून परतलेले नाहीत. चर्चिल तेवढा २०१६-१७ पासून एकटा किल्ला लढवत राहिला.

पुणेकरांना हे ओळखीचं वाटेल

२०१२-१३ मध्ये चर्चिल पहिला आला तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर होता पुणे एफसी. आज तो क्लब नाही. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता, २०१० मध्ये बंद झाला. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. हैदराबाद २०२३-२४ मध्ये २२ पैकी एकच सामना जिंकून तळाला राहिला, तरी खाली गेला नाही. २०२५ मध्ये तो दिल्लीला गेला आणि त्याचं नाव बदललं. पुण्याची ती जागा हैदराबादमार्गे दिल्लीला पोचली, असं म्हणायला हरकत नाही.

खेळाच्या निकालामुळे आयएसएलमधून खाली गेलेला क्लब आजवर एकही नाही. २०१९ च्या आराखड्यात २०२४-२५ पासून घसरणीचा नियम लागू होईल असं ठरलं होतं. तो लागू झाला नाही. क्लबमालक म्हणतात, वर्षाला एवढा तोटा सोसायचा आणि वर घसरणीची टांगती तलवार, तर गुंतवणूक कोण करणार? मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण मग त्याच तर्काने डेंपोने दुसऱ्या डिव्हिजनमध्ये जाऊन पैसा का ओतला, याचं उत्तर द्यावं लागेल. परत वर येता येईल, याची खात्री होती म्हणून. मालकाला तोटा नवीन नसतो. तोट्याच्या पलीकडे काही असावं लागतं.

चाहत्याचंही तेच आहे. कोल्हापुरात पावसाळा सरला की शाहू स्टेडियमवर पेठांचे आणि तालमींचे संघ उतरतात आणि उन्हाळ्यापर्यंत गावात दुसरा विषय नसतो. तिथे आयएसएलसारखा पैसा नाही. पण आपली पेठ वर आहे की खाली, हे प्रत्येकाला माहीत असतं आणि उद्याच्या सामन्याने ते बदलू शकतं. गोव्यात म्हापशाच्या धुळेर मैदानावर, वास्कोच्या टिळक मैदानावर, गावोगावच्या पंचायत मैदानांवर हेच चालत आलं आहे. गावातल्या पोराने तालुक्यात चमकावं, मग साळगावकर किंवा डेंपोने त्याला उचलावं, मग राष्ट्रीय लीग. ही साखळी मधूनच तुटली.

मग एफसी गोवा जिंकतोय, त्याचं काय?

त्याचं कौतुक करायलाच हवं. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये मोहन बागानच्या पाठोपाठ दुसरा क्रमांक, मे २०२५ मध्ये जमशेदपूरला ३-० ने हरवून सुपर कप, आणि ७ डिसेंबरला फातोर्ड्यात ईस्ट बंगालला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून पुन्हा सुपर कप. मधल्या काळात आशियाई स्पर्धेत २२ ऑक्टोबरला सौदीचा अल नासर फातोर्ड्यात येऊन गेला. रोनाल्डो आला नाही, याची चर्चा जास्त झाली. गोवा १-२ ने हरला, पण गोव्याचा गोल ब्रायसन फर्नांडिसने केला. गोव्याच्याच पोराने. ही बातमी मोठी असायला हवी होती.

पण जिंकणाऱ्या या क्लबलाही नेहमीच्या वेळी लीग मिळाली नाही. महासंघ आणि त्याची व्यावसायिक भागीदार कंपनी यांचा १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता. नूतनीकरणाचा पत्ता नव्हता, म्हणून ११ जुलैला आयएसएल थांबवण्यात आली. सप्टेंबरमध्ये सुरू होणारा हंगाम जानेवारी उजाडला तरी कागदावरच होता. शेवटी ६ जानेवारी २०२६ रोजी केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून लीग सुरू होईल असं जाहीर केलं. आय-लीगही तोवर अडकूनच पडली होती.

१४ क्लब, ९१ सामने. म्हणजे प्रत्येक संघ दुसऱ्याशी एकदाच खेळणार आणि प्रत्येकाच्या वाट्याला १३ सामने येणार. मागच्या हंगामात २४ होते. एफसी गोवाच्या चाहत्याला या गणिताने घरच्या मैदानावर सहा किंवा सात सामने बघायला मिळतील. त्यातल्या एका संघाचं नाव इंटर काशी आहे, आणि ती जागा ६ एप्रिलच्या रात्री चर्चिलची वाटत होती.