तिफणीचे दप्तर

वऱ्हाडातील तिफण प्रथम कोणी घडविली, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही, आणि नोंद नाही म्हणून कोणाचे कधी अडलेही नाही. आडवी दिंड, तीत बसविलेले तीन फण, प्रत्येक फणामागे एक पोकळ नळा, आणि ते तिन्ही नळे जेथे एकत्र येतात तेथे मुठीतील बियाणे सोडावयाचे चाडे, एवढी ही रचना. पण ती गावोगावच्या सुतारास इतकी अवगत होती, की मेहकरकडच्या सुताराने केलेली तिफण मोताळ्याकडच्या लोहारास डोळे मिटून दुरुस्त करता यावी. फणांमधील अंतर जमिनीच्या मगदुराप्रमाणे आणि पिकाप्रमाणे बदले, बाकी सारे तेच राही. बलुतेदारीचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच हेतू नाही. त्या व्यवस्थेने सुताराच्या मुलास पिढ्यान्‌पिढ्या सुतारच ठेवले आणि त्याच्या कौशल्याचे मोल धान्याच्या सुपात मोजले. परंतु अवजाराची रचना ही सर्व मुलखाची वहिवाट आहे, ती कोणा एकाची जहागीर नव्हे, एवढे एक शहाणपण त्या व्यवस्थेत होते, आणि बलुते गेले त्याबरोबर तेही गेले.

ते गेल्याची जाणीव मला दोन मृगांपूर्वी झाली. चिखली तालुक्यातील माझ्या एका आप्ताचे ट्रॅक्टरचे पेरणी यंत्र ऐन वाफशावर बंद पडले. बियाणे मोजून सोडणाऱ्या दांड्यावरील एक दातेरी चक्र तुटले होते, एवढेच. चक्राची किंमत सोयाबीनच्या बियाण्याच्या एका पिशवीहूनही कमी. पण तो दांडा ज्या व्यासाचा होता, तो व्यास बाजारात कोठेही मिळेना. कारखान्याने तो मुद्दाम निराळा ठेवला होता की आळसाने, हे मी सांगू शकत नाही. खामगाव झाले, अकोला झाले, आठ दिवस गेले, वाफसा उडाला, आणि शेवटी खरादीवर एक बुश कातून काम भागविले तेव्हा काळ्या जमिनीच्या पृष्ठभागास भेगा पडू लागल्या होत्या. त्या बुशाची मापे कातणाऱ्या मिस्त्रीच्या डोक्यात आहेत. पुढील वर्षी दुसऱ्या कोणाचे तेच चक्र तुटले, तर पुन्हा आठ दिवस.

समान मापाचे मोल या भागाला नवे नाही. जलंबपासून खामगावपर्यंतचा सुमारे १३ किलोमीटरांचा लोहमार्ग १८७० साली कापसासाठी म्हणून टाकण्यात आला, तो मुख्य मार्गाच्याच रुंदीचा, म्हणजे १६७६ मिलिमीटरांचा. त्यामुळे खामगावच्या पेठेत भरलेली वाघीण वाटेत न उतरविता थेट मुंबईच्या बंदरापर्यंत जाऊ शके. उलट शेजारच्या मुर्तिजापुरास यवतमाळ आणि अचलपूर या दोन्ही बाजूंनी येऊन मिळणारी, लोक जिला प्रेमाने शकुंतला म्हणतात ती आगगाडी ७६२ मिलिमीटरांच्या अरुंद मार्गावरची होती, म्हणून तिच्यातील प्रत्येक गाठ मुर्तिजापूरच्या फलाटावर उतरवून पुन्हा चढवावी लागे. कापूस तोच, इंजिनही वाफेचेच. हमालांच्या पाठींवरचा तेवढा अधिक भार केवळ रुळांमधील अंतराने निर्माण केलेला होता. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांसाठी एकच माप सुचविले, त्यापूर्वी एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टावर चढत नसे. आज खामगावच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ६२०५ म्हटले, की पंचवीस मिलिमीटरांच्या दांड्यावर बसणारे, बावन्न मिलिमीटर बाह्य व्यासाचे आणि पंधरा मिलिमीटर रुंदीचे बेअरिंग दुकानदार न विचारता काढून देतो. मग ते जपानात बनलेले असो की राजकोटात. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की दांड्याचा व्यास मिळतो, ही गणिती सोय ज्याने केली त्याच्या व्यवहारज्ञानास मी मनोमन वंदन करतो.

तेव्हा सुटे भाग आहेत, वेल्डिंगची दुकाने तर प्रत्येक मोठ्या गावाच्या फाट्यावर आहेत, आणि हातही आहेत. नाहीत ती आरेखने. म्हणजे अशा यंत्रांची पूर्ण, मापांसह, भागांच्या यादीसह केलेली आणि कोणासही विनामूल्य मिळणारी आरेखने, ज्यांत बाजारात मिळत नाही असा एकही भाग नसेल.

ही कल्पना स्वप्नवत वाटणाऱ्यांसाठी दोन उदाहरणे सांगतो. मार्चिन याकुबोव्स्की या मूळच्या पोलिश पदार्थवैज्ञानिकाने अमेरिकेतील मिसूरी राज्यात एका शेतावर, ट्रॅक्टरपासून मातीच्या विटा दाबण्याच्या यंत्रापर्यंत पन्नास यंत्रांची खुली आरेखने सिद्ध करण्याचे कार्य आरंभिले, आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी त्यात हातभार लावला. दुसरे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातील. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी मोठ्या कंपनीतील संशोधकाची नोकरी सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम स्थापन केला, आणि शाळेत न रमणाऱ्या मुलांच्या हाती वेल्डिंगचा दांडा देऊन त्यांच्याकडून घुमटाकार घरे उभारून घेतली. मोजक्या ठरावीक लांबीच्या पट्ट्या सांध्यांवर जोडत गेले की घुमट उभा राहतो, ही त्या घरांची युक्ती. त्याच आश्रमात जुन्या जीपगाड्यांचे भाग वापरून मेकबुल नावाचा लहान ट्रॅक्टर करण्यात आला. २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने आपल्या देशाबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडविण्याची कार्यशाळा, काढली, ती पाबळलाच. पाबळला जे साधले ते बुलढाण्यास अशक्य मानणे हा केवळ न्यूनगंड होय.

साधनांची सबबही आता उरलेली नाही. फ्रीकॅड ही संगणकावर आरेखन करण्याची प्रणाली स्वयंसेवकांनीच वीस वर्षांहून अधिक काळ खपून सिद्ध केली, तिची १.० आवृत्ती २०२४ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाली, आणि नट, बोल्ट, वॉशर यांची प्रमाण मापे तीत आयती भरून घेता येतात. आपल्याकडील विद्यार्थी मात्र अद्याप महागड्या परकीय प्रणालींच्या चोरीच्या प्रतींवर शिकतात. ही गोष्ट सर्वांस ठाऊक असून कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलून ठेवतो. दरवर्षी अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचे प्रकल्प सोनेरी अक्षरांच्या पुठ्ठ्यात बांधून कपाटात जातात. त्यांपैकी दहातील एकाने जरी शेतातील एक अवजार, बाजारातील भागांचा नियम पाळून, कोणासही उतरवून घेता येईल अशा रीतीने आरेखिले, तर पाच वर्षांत या जिल्ह्याचे स्वतःचे यंत्रदप्तर उभे राहील. शेगावला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, जिल्ह्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, आणि माझ्यासारखे आरेखनाच्या मेजावर आयुष्य घालवून आता पेन्शनीत निघालेले लोकही आहेत. शेगावच्या संस्थानात पाळीपाळीने विनावेतन सेवा देणाऱ्या सेवेकऱ्यांच्या मुलखात, फुकट काम कोण करणार, हा प्रश्न तरी विचारला जाऊ नये.

आक्षेप आहेत, आणि त्यांतील एक फार गंभीर आहे. मळणी यंत्रात हात गेलेली माणसे आपल्या प्रत्येकाच्या परिचयात आहेत. त्यासाठीच संसदेस १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. हौशी माणसाने काढलेल्या चित्रावरून यंत्र केले आणि कोणाचे बोट गेले, तर जबाब कोणी द्यावा? माझे उत्तर असे, की आरंभ फिरत्या पात्यांच्या यंत्रांनी करूच नये. डवऱ्याची पास, बियाणे मोजण्याची पेटी, गोणी उचलण्याची ढकलगाडी, सोयाबीन साफ करण्याची चाळणी, यांनी करावा. मळणी यंत्र शेवटी, आणि तेही जाणत्यांच्या स्वाक्षरीशिवाय नव्हे.

वेल्डिंगवाल्यांचा धंदा बसेल, हा दुसरा आक्षेप मला पटत नाही. नकाशा फुकट असला म्हणून लोखंड स्वतःहून जुळत नाही. सुधारणा मात्र दप्तरात परत आली पाहिजे, ही अट ठेवावी. युरोपातील सर्न या अणुसंशोधन संस्थेने २०११ साली खुल्या यंत्ररचनांसाठी परवाना प्रसिद्ध केला, त्यात सुधारलेली आरेखनेही खुली ठेवण्याची अट आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल विदर्भात पुष्कळ ठिकाणी चालते; सार्वजनिक पैशांतून सिद्ध झालेल्या अशा यंत्रांची संपूर्ण आरेखने शेवटच्या बोल्टापर्यंत लोकांस खुली असावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मला खरी भीती आहे ती स्वयंसेवकांच्याच स्वभावाची. नवे यंत्र चितारणे सर्वांस आवडते. भागांची यादी करणे, वेल्डिंग कोणत्या क्रमाने करावे ते लिहिणे, चुकलेले माप दुरुस्त करून तशी नोंद ठेवणे कोणासही आवडत नाही. मिसूरीतील त्या पन्नास यंत्रांचा संकल्पही बरीच वर्षे लोटली तरी पुरा झालेला नाही. पडद्यावर झळकणारे रंगीत चित्र आणि दुकानात तयार होणारी वस्तू यांत जे अंतर असते, ते मीही अनुभवले.

गेल्या हिवाळ्यात मी आप्ताच्या त्याच पेरणी यंत्रासाठी बियाण्याच्या पेटीची नवी बैठक फ्रीकॅडवर आरेखिली. दांडा पंचवीस मिलिमीटरांचा, दोन्ही टोकांस ६२०५, अँगल दुकानात मिळतो तोच, बोल्ट सारे बारा मिलिमीटरांचे. छापील कागद घेऊन मोठ्या ऐटीत मिस्त्रीकडे गेलो. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, अँगलच्या तुकड्यावर खडूने रेघ मारली आणि म्हणाला, “काकाजी, बोल्ट त बसते बरोबर, पन पाना कुठून घालू?” मी घरी आलो, संगणक उघडला, आणि चारही भोके अठरा मिलिमीटर बाहेर सरकविली.