मैत्रीची वहिवाट

परदेशातील दीर्घ वास्तव्य आटोपून मायदेशी कायमचे परतण्याचा विचार ज्या घरांत चालू आहे, त्या घरांतील तयारीची हकीकत जेव्हा जेव्हा कानी येते, तेव्हा राहत्या जागेची, औषधोपचारांची, विम्याची आणि करविषयक कागदपत्रांची तजवीज अत्यंत बारकाईने केलेली आढळते. परंतु सकाळी उठल्यावर कोणाकडे जायचे, संध्याकाळी कोणाबरोबर बसायचे आणि मधल्या प्रहरांत हातांना कोणते काम द्यायचे, याची तजवीज क्वचितच कोणी केलेली असते. गाव आपले, भाषा आपली, शाळासोबती अजून हयात. तेव्हा स्नेहाला काय तोटा, असे धरून चालण्याचा प्रघात आहे. ही समजूत परतणाऱ्याच्या सुखाला सर्वांत अधिक बाधक ठरते असे माझे ठाम मत आहे, आणि पालघर, बोईसर व तारापूर या टापूत परत येऊन राहिलेला मनुष्य या नात्याने ते मी वाचकांपुढे मांडू इच्छितो.

जमिनीच्या सातबाऱ्यात दोन नमुने असतात. सात क्रमांकाचा नमुना मालकी कोणाची ते सांगतो, आणि बारा क्रमांकाचा त्या साली त्या जमिनीत काय पिकले ते सांगतो. मैत्रीच्या दप्तरात सातचा नमुनाच नाही. तेथे केवळ बारा आहे. चाळीस वर्षांपूर्वी एका बाकावर बसलो होतो, ही सनद दाखवून कोणाच्याही आजच्या दिवसावर हक्क सांगता येत नाही. ज्याची वहिवाट चालू, त्याचेच पीक उभे.

शिवाय ज्या गावावर आपण हक्क सांगतो ते गाव तरी जागेवर कोठे आहे? तारापूरच्या अणुविद्युत केंद्राचे बांधकाम १९६४ साली अमेरिकी कंपन्यांकडून सुरू झाले आणि १९६९ मध्ये देशातील अणुशक्तीची पहिली वीज तेथून बाहेर पडली. त्या निमित्ताने केरळपासून बंगालपर्यंतची कुटुंबे या किनाऱ्यावर येऊन वसली. पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि बोईसर हे एके काळचे लहानसे स्टेशन उत्तर भारतातील कामगारांचे, गुजराती व्यापाऱ्यांचे आणि वसई-विरारकडून सरकत आलेल्या चाकरमान्यांचे शहर झाले. तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. ज्यांनी हा किनारा कधी सोडलाच नाही, त्यांचेही शेजार मोडले, त्यांनाही नव्या वस्तीत नव्या ओळखी जोडाव्या लागल्या. २०१३ साली उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. अशा मुलखात ‘मी मूळचा इथलाच’ या वाक्याला फारसे वजन उरत नाही, आणि यात खेद करण्याजोगे काही नाही. उलट, जेथे बहुतेक माणसे कोठून तरी आलेली असतात, तेथे नवागताला दार उघडे असते. त्याने आपण नवागत आहोत हे मान्य मात्र केले पाहिजे.

शाळासोबत्यांचे स्नेहसंमेलन होते, जेवण होते, छायाचित्रे निघतात, सर्वांचे डोळे पाणावतात. तो उमाळा खराच असतो. पण त्यानंतरच्या सोमवारी प्रत्येक जण आपापल्या दिनक्रमात परततो, आणि ज्याला दिनक्रमच नाही असा एकटा आपणच मागे राहतो. येथील दिनक्रमाचे स्वरूप परदेशस्थाने नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्याची जडणघडण आपल्या सवयीहून भिन्न आहे. या टापूतील माणसाचा दिवस तीन वेळापत्रकांनी बांधलेला असतो: कारखान्याची पाळी, मुंबईची गाडी आणि समुद्राची भरती. कारखान्यातील मित्र पहिल्या पाळीला असेल तर दुपारनंतर मोकळा, तिसऱ्या पाळीला असेल तर दुपारी झोपलेला. मुंबईला जाणारा पासधारक पहाटे घर सोडतो, आणि त्याचे खरे मित्रमंडळ त्याच्या डब्यातच असते, तेथेच भजन होते, तेथेच वाढदिवस आणि तेथेच घरच्या अडचणींचा खल. सातपाटीचा किंवा दांडीचा नाखवा तर तिथीवर चालतो, घड्याळावर नव्हे. परदेशात आपण तीन आठवडे आधी ठरवून एकमेकांना भेटत होतो. येथे कोणी भेट ठरवीत नाही. मनुष्य जेथे रोज असतो तेथे तो भेटतो. म्हणून ज्याला स्नेही हवे असतील त्याने स्वतःला रोज कोठे तरी, ठरावीक वेळी, ठरावीक कामासाठी हजर ठेवले पाहिजे. या एका नियमाला पर्याय मला आढळलेला नाही.

या मताला आधार म्हणून याच जिल्ह्यातील एक थोर उदाहरण आठवते. ताराबाई मोडक यांनी भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचे काम केले होते आणि त्यांचे नाव झालेले होते; तरीही वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, १९४५ साली, त्या डहाणू तालुक्यातील बोर्डीस आल्या. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या; त्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. दोघींपैकी एकीचेही हे जन्मस्थान नव्हे, एकीचेही येथे गणगोत नव्हते. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम नेले. १९७३ साली ताराबाई गेल्या आणि त्यानंतरही अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे आयुष्याच्या अखेरपर्यंत, ते चालविले. त्या कामातून जे साहचर्य निर्माण झाले ते जन्माने मिळालेल्या कोणत्याही नात्याहून उणे नव्हते. आपण सर्वांनी संस्था काढाव्यात असे माझे म्हणणे नाही, त्यांच्याएवढी तपश्चर्या आपल्या हातून होणारही नाही. पन्नाशीनंतर परक्या मुलखात माणसे जोडता येतात, आणि ती कामातून जोडली जातात, एवढाच दाखला मला त्यातून घ्यावयाचा आहे.

छंदांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण परतणारे पुष्कळ जण आपला छंद बासनात बांधून आणतात आणि येथे तो एकट्याने चालवू पाहतात. छंद गावाकडून घ्यावा. ज्यास भटकण्याची आवड आहे त्याला पालघरच्या माथ्यावरचा काळदुर्ग, बोईसरजवळचा असावगड, मनोरपलीकडचा अशेरी, आणि किनाऱ्यावर शिरगाव, केळवे, माहीम, तारापूर अशी दुर्गांची रांगच उपलब्ध आहे. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजीआप्पांच्या फौजेने तारापूर घेतले तेव्हा बाजी भिवराव रेठरेकर तेथे कामास आले, हे ज्याला ठाऊक आहे त्याची त्या तटाखालची फेरी अधिक अर्थपूर्ण होते. येथील तरुण मंडळी या गडांवर पाण्याच्या टाक्यांतील गाळ काढतात, तटांवरची झाडी तोडतात. त्यांच्याबरोबर घमेले उचलणाऱ्या वयस्काला ती मंडळी पुढच्या रविवारी आपण होऊन हाक मारतात. ज्यास भाषेची आवड आहे त्याच्यासाठी तर येथे अमाप धन पडले आहे. वाडवळी, मांगेली आणि वारली या बोली अजून घराघरांत आहेत, पण लग्नातली गाणी, मासळीची आणि वाऱ्यांची नावे, भातशेतीतील अवजारांची नावे ठाऊक असलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. ती नावे उतरवून घेण्यासाठी आठवड्यातून एक दुपार एखाद्या आजींच्या ओटीवर बसणे, हा छंदही आहे आणि सत्कार्यही. आणि त्या ओटीवर चहा घेता घेता संबंध आळी आपल्याला ओळखू लागते. ज्यास चित्रकलेची रुची आहे त्याच्यासाठी वारली चित्रे आहेत; गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगापुढे नेली, त्यांस २०११ साली पद्मश्री मिळाली. त्या परंपरेतील चित्रकारांकडे गिऱ्हाईक म्हणून एकदा जाण्याऐवजी शिकाऊ म्हणून वारंवार जावे.

परतणारे बरेच जण पुण्याकडे वळतात, आणि तेथे परदेशातून आलेल्यांच्याच बंदिस्त वसाहतीत राहतात. नाट्यगृहे, मोठी रुग्णालये, समानशील शेजारी ही त्यांची कारणे खोटी नाहीत; गंभीर दुखण्यात पालघरकराला अजूनही मुंबई गाठावी लागते, ही उणीव मी लपवणार नाही. परंतु ज्या वसाहतीत प्रत्येकाच्या गप्पा सोडून आलेल्या देशाभोवतीच फिरतात, तेथे मनुष्य परतला असे म्हणवत नाही. त्याचा मुक्काम फक्त बदलला.

छंदांनंतरची दुसरी गोष्ट उपयुक्ततेची. आपल्यापैकी अनेकांनी परदेशात अभियंते, रसायनतज्ज्ञ, हिशेबतपासनीस म्हणून आयुष्य घालविले. या जिल्ह्यात त्या ज्ञानाची निकड आहे. औद्योगिक सांडपाण्याने खाड्यांतील मासळीची हानी होते म्हणून येथील मांगेला समाजाच्या संघटनेला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत जावे लागले. याच किनाऱ्यावरील वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आणि त्याविषयीचा किनाऱ्यावरचा विरोध सर्वश्रुत आहे. अशा प्रकल्पांचे अहवाल जाडजूड आणि इंग्रजी असतात. बंदराच्या बाजूने असा वा विरुद्ध, तो अहवाल वाचून त्यात काय लिहिले आहे हे सरळ मराठीत समजावून सांगणारा मनुष्य प्रत्येक गावाला हवा आहे. मात्र तेथे उपदेशक होऊन जाऊ नये. आधी सतरंजी घालावी, खुर्च्या मांडाव्यात, सभेची इतिवृत्ते लिहावीत; बोलावे ते विचारल्यावर. सभांखेरीज गावाचे स्मरणाचे दिवसही असतात. १४ ऑगस्ट १९४२ रोजी स्वातंत्र्यलढ्यात पालघरात पाच जण हुतात्मे झाले. दर वर्षी त्या दिवशी हुतात्मा स्तंभापाशी गाव जमते. त्या गर्दीत मागे उभे राहणे हीसुद्धा गावात दाखल होण्याची रीत आहे.

तेव्हा माझी विनंती अशी. डिसेंबरातल्या सुटीत, लग्नसराईच्या आणि हुरड्याच्या दिवसांत येऊन परतण्याचा निर्णय करू नका. त्या दिवसांत सर्वच आपल्यासाठी मोकळे झालेले असतात. जुलैत या. पाऊस कोसळत असतो, गाड्या खोळंबतात, वीज जाते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्यामुळे सातपाटीच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि ज्यांच्या पापलेटला २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला ते कोळी बांधव जाळी विणीत, डागडुजी करीत बसलेले असतात. त्यांच्यापाशी बसा, वाचनालयात नाव नोंदवा, एखाद्या संस्थेच्या चिटणीसांना भेटून कोणत्या कामाला हात कमी पडतात ते विचारा, आणि ते काम तो महिनाभर रोज करून पाहा. घर त्यानंतर घ्या.