छपरावरून पडणे हे नशीब नव्हे!

आगोटीच्या आधी पेण-रोह्यात पत्र्या-कौलांच्या कामाची घाई उडते. गणपतीच्या कारखान्यांच्या शेड, धाटाव एमआयडीसीतली छपरे, गावातली घरे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगडात घरोघरचे पत्रे उडवले, तेव्हाही हेच मजूर वर चढले. यातला कोणी कोसळला की लोक म्हणतात, "त्याचे नशीब!" आम्ही हा शब्द नाकारतो. दुःखाला पूर्वजन्माचे पाप म्हणायचे नाही, त्याचे कारण शोधायचे, हीच बुद्धाची आणि बाबासाहेबांची शिकवण आहे.

कारण उघड आहे. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. उजेडासाठी बसवलेला प्लास्टिकचा पत्रा धुळीने माखला की इतर पत्र्यांसारखाच दिसतो. उपायही साधे आहेत: पत्र्यावर फळ्या, खाली जाळी, अंगात पट्टा आणि त्याचा दोर पक्क्या तुळईला. कारखान्यात उंचावरच्या कामाला संरक्षण हवे, असे १९४८ च्या कारखाने कायद्याचे कलम ३२ सांगत होते. तरी फळी येत नाही. कारण वर चढणारा बहुधा आमच्या वस्तीतला किंवा कातकरी वाडीवरचा असतो, आणि त्याचा जीव फळीपेक्षा स्वस्त धरला जातो. आम्ही याला अपघात नव्हे, जातिव्यवस्था म्हणतो.

"माणूस ठेकेदाराचा, आमचा नाही," असे मालक म्हणतो. ते खोटे आहे. धंद्याचे काम ठेकेदारामार्फत करून घेतले तरी भरपाईची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे १९२३ च्या भरपाई कायद्यापासूनचे तत्त्व आहे. हक्क सोडल्याचे स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले तरी ते रद्दबातल ठरते. मृत्यूची भरपाई सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. घरी आणून दिलेले पाकीट म्हणजे भरपाई नव्हे.

घरमालकाच्या खाजगी कामात मात्र ही वाट अरुंद होते. तिथे बांधकाम कामगार मंडळाची नोंदणीच आधार. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस काम, एवढी अट.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ देशाचे मजूरमंत्री होते. त्यांचा फोटो लावणाऱ्या प्रत्येक शाखेने यंदा पावसाआधी आपल्या वस्तीतल्या छपरावर चढणाऱ्यांची यादी करावी, नोंदणी करून द्यावी. कोणी पडलाच, तर पोलिसांत नोंद आणि दवाखान्याचे कागद त्याच दिवशी हातात घ्यावेत. तडजोडीच्या बैठकीला घरच्यांना एकटे पाठवू नये.

फळी नाही, तर काम नाही. जय भीम!