बिनव्याजी गावाचे अर्थशास्त्र

व्हिडिओ खेळ म्हटले की मारामारी, गोळीबार आणि मोटारींच्या शर्यती हेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. तथापि गेल्या काही वर्षांत जगभर लोकप्रिय झालेल्या एका खेळप्रकारात यांपैकी काहीच नाही. खेळणाऱ्याने एका लहानशा गावात जाऊन राहावयाचे, घर बांधावयाचे, भाजीपाला पिकवावयाचा, मासे धरावयाचे आणि शेजाऱ्यांची विचारपूस करावयाची, इतकाच त्याचा विषय. निंटेंडो या जपानी कंपनीने २० मार्च २०२० रोजी बाजारात आणलेल्या ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ या खेळाच्या साडेचार कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने सुमारे साडेचार वर्षे एकट्याने राबून २०१६ मध्ये पुरा केलेल्या ‘स्टारड्यू व्हॅली’चा खपही चार कोटींच्या पुढे गेला आहे.

टाळेबंदीच्या काळातील करमणूक म्हणून या घटनेची वासलात लावणे सोपे आहे. परंतु असे गाव रचणाऱ्याला चलन कसे निर्माण व्हावे, कर्ज कोणत्या अटींवर मिळावे, मालाला भाव कोणी द्यावा आणि टंचाई कशाची असावी, हे सारे आरंभीच ठरवावे लागते. म्हणजेच तो एका समाजाची आर्थिक घटना लिहीत असतो. ती घटना कोट्यवधी माणसे, आणि त्यांत असंख्य मुले, रोज पाळीत असतील, तर तिची छाननी करणे अप्रस्तुत ठरू नये.

शेजाऱ्याच्या नजरेतून

संगणकावर नगर वसविण्याची कल्पना जुनी आहे. विल राइट यांचा ‘सिमसिटी’ हा खेळ १९८९ मध्ये आला. जे फॉरेस्टर यांनी १९६९ मध्ये नगरांच्या वाढीचे जे गणिती प्रारूप मांडले होते, त्याची छाया या खेळावर होती. खेळणारा तेथे महापौराच्या आसनावर बसे. तो कर बसवी, रस्ते आखी, वीजकेंद्रे उभारी; नागरिक त्याला आकड्यांच्या रूपातच भेटत. १९९६ मध्ये यासुहिरो वादा यांच्या ‘हार्वेस्ट मून’ने आणि २००१ मध्ये ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’च्या पहिल्या अवताराने हे उच्चासन सोडून दिले. खेळणारा आता गावाचा रहिवासी झाला.

‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’चे एक जनक कात्सुया एगुची हे नोकरीनिमित्त चिबाहून क्योतोला आले. आप्तस्वकीय आणि मित्र दुरावल्यामुळे जी उणीव जाणवली तिच्यातून हा खेळ सुचला, असे त्यांनी सांगितले आहे. पोटासाठी गाव सोडलेल्या माणसाने हरवलेला शेजार पुन्हा मांडून पाहावा, ही या खेळप्रकारामागील मूळ प्रेरणा होय. कोकणातून वा घाटावरून मुंबईस आलेल्यांच्या घरांत ती निराळी समजावून सांगण्याची गरज पडू नये.

दयाळू सावकार

या गावाची पहिली विशेषता म्हणजे तेथील कर्ज. टॉम नुक नावाचा दुकानदार नवागताला घर बांधून देतो. पहिल्या घराचे ९८ हजार बेल (हे तेथील चलन) आणि शेवटच्या विस्ताराचे सुमारे २५ लाख बेल तो कर्जाऊ देतो. या कर्जाला व्याज नाही, हप्त्याची मुदत नाही आणि जप्तीही नाही. जुने फिटल्याखेरीज नवे मिळत नाही, एवढीच काय ती अट. दुसरी विशेषता म्हणजे मालाचा भाव. गावचे दुकान मासे, फळे, शिंपले वाटेल तेवढे घेते. एक टोपली आणा की हजार आणा, आवक वाढली म्हणून भाव उतरत नाही. ‘स्टारड्यू व्हॅली’तील शेतमालालाही असाच हमीभाव आहे. लासलगावच्या कांदा उत्पादकाला हे गाव पृथ्वीवरचे वाटणार नाही.

मग या खरेदीचा पैसा येतो कोठून? तो कोठूनच येत नाही. विक्रीच्या क्षणी तो नव्याने निर्माण होतो आणि कर्जफेड, पूल, जिने आणि गृहसजावट यांवरील खर्चाने नष्ट होतो. पैसा ओतणाऱ्या तोट्या आणि तो शोषून घेणारे निचरे यांचा मेळ घालणे हीच अशा खेळाच्या रचनाकाराची मुख्य कसोटी. दुकानातील किमती त्यानेच बांधून ठेवल्या असल्यामुळे चलनवाढीची झळ तेथे पोहोचत नाही. मात्र ज्या वस्तूची किंमत त्याने बांधलेली नाही, तेथे अर्थशास्त्र मागील दाराने शिरते.

सलगमाचा बाजार

याचे उत्तम उदाहरण म्हणजे सलगमाचा व्यापार. जपानी भाषेत ‘काबु’ या उच्चाराचा अर्थ सलगम असा होतो आणि कंपनीचा भाग असाही होतो. या श्लेषावरच हा बाजार उभा आहे. रविवारी सकाळी सलगम साधारण ९० ते ११० बेलना मिळते. सोमवार ते शनिवार दुकानातील खरेदीचा भाव दिवसातून दोनदा बदलतो. पुढचा रविवार उजाडला की उरलेला माल सडतो. हे भाव मागणी-पुरवठ्यातून ठरत नाहीत. यंत्र चार ठराविक नमुन्यांपैकी एक निवडते आणि प्रत्येक बेटावर तो स्वतंत्रपणे लागू होतो. त्यामुळे एका बेटावर पन्नास बेल भाव असताना दुसरीकडे पाचशे असू शकतो, आणि कितीही माल तिकडे वाहून नेला तरी ही तफावत बुजत नाही.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. २०२० च्या वसंतात चढ्या भावाच्या बेटांवर परक्यांची रीघ लागली. एका बेटावर एका वेळी आठच खेळाडू असू शकतात. तेव्हा सलगमाऐवजी बेटावरील प्रवेश हीच दुर्मीळ वस्तू ठरली. रांगा लागल्या आणि यजमान मंडळी प्रवेशासाठी बेल वा प्रवासाची तिकिटे मागू लागली. भूमीच्या दुर्मीळतेतून खंड कसा उपजतो हे रिकार्डोने १८१७ मध्ये सांगितले होते. ज्या गावातून भाडे आणि सावकारी हद्दपार केली होती, तेथे खंड असा आपोआप परत आला. टंचाई नाहीशी करता येत नाही, ती एका जागेवरून दुसऱ्या जागेवर ढकलता येते, हा पाठ यापेक्षा सुबोध रीतीने कोणत्या क्रमिक पुस्तकात सापडेल?

याच सुमारास दुसरी घटना घडली. गावच्या बँकेतील ठेवींवर महिन्याला सुमारे अर्धा टक्का व्याज मिळे. यंत्राचे घड्याळ पुढे सरकवून व्याज लाटणारे अनेक होते. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने हा दर ०.०५ टक्क्यावर आणला; ठेवीदारांना एक पत्र आणि भेटीदाखल गालिचा पाठविण्यात आला. विषय हसण्यावारी नेण्याजोगा आहे खरा. परंतु सत्ता कोणाची, हे या पत्राने स्पष्ट झाले. गाव सर्वांचे, सोहळे सर्वांचे, पण चलनविषयक धोरण एका कंपनीचे. तिला ना निवडणूक, ना विधिमंडळ.

टंचाई कोणाच्या फायद्याची?

बॅरोन यांचे गाव अधिक प्रामाणिक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तेथे बेकारी आहे, दारूच्या आहारी गेलेली माणसे आहेत, युद्धावरून परतलेला सैनिक आहे. जोजा नावाच्या महाकाय कंपनीचे दुकान गावच्या वाण्याचे गिऱ्हाईक पळविते. मोडकळीस आलेले समाजमंदिर शेतमाल अर्पण करीत हळूहळू उभे करावयाचे, की पाच हजार मोहरांत जोजाचे सभासदत्व घेऊन त्या इमारतीचे गोदाम होऊ द्यावयाचे, ही निवड खेळणाऱ्यावर सोपविलेली आहे. पैशाचा मार्ग सोपा आहे. त्यासाठी काय गमावले, हेही दिसत राहते.

खरा धोका निराळ्या ठिकाणी आहे. ‘स्टारड्यू व्हॅली’ एकदाच किंमत मोजून विकत मिळते, म्हणून खेळणाऱ्याला छळण्यात रचनाकाराचा काहीच लाभ नाही. याउलट २००९ मध्ये फेसबुकवर आलेला ‘फार्मव्हिल’ फुकट होता. त्यातील पीक वेळेवर न काढल्यास वाळून जाई, आणि वाट पाहण्याचा कंटाळा आलेल्याला खरा पैसा टाकून घाई करता येई. म्हणजे गैरसोय आधी निर्माण करावयाची आणि मग तिचा उतारा विकावयाचा. डिसेंबर २०२० अखेर तो खेळ बंद झाला, पण ती पद्धत मोबाईलवर घर करून बसली आहे. स्वतः निंटेंडोने २०१७ मध्ये फोनसाठी काढलेल्या ‘पॉकेट कॅम्प’ या आवृत्तीत खऱ्या पैशाने घ्यावयाची तिकिटे होती. २०२४ च्या अखेरीस ती सेवा आवरती घेऊन एकरकमी किमतीची आवृत्ती देण्यात आली. प्राणी तेच, तंबू तेच. बदलला तो महसुलाचा मार्ग, आणि त्याबरोबर टंचाईचा हेतूही.

आपल्यापुढील प्रश्न

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा संमत केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर त्याने बंदी घातली आणि ई-क्रीडा व सामाजिक खेळ यांना उत्तेजन देण्याचे ठरविले. त्याच वर्षी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन व गेमिंग उद्योगासाठी धोरण मंजूर केले. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. मात्र जुगाराची व्याख्या केल्याने प्रश्न मिटत नाही. ज्यात काहीच जिंकावयाचे नसते, पण मुलांच्या अधीरतेवर रोज कर बसविला जातो, अशा खेळाला केवळ तो निरुपद्रवी दिसतो म्हणून ‘सामाजिक’ म्हणावयाचे काय?

सरकारी अनुदान देताना रोजगार आणि निर्यात यांचे आकडे मागितले जातील, आणि ते मागणे रास्तच आहे. त्यांच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारण्याची प्रथा पाडली पाहिजे. या खेळातील टंचाई खेळाची गोडी वाढविण्यासाठी आहे की विक्री वाढविण्यासाठी? आणि खेळणाऱ्याने काही दिवस पाठ फिरविली, तर गाव त्याला शिक्षा करते की त्याची वाट पाहते? आठवडी बाजार, भिशी, उधारीची वही आणि लहरी पाऊस यांच्यासह एखादे मराठी गाव उद्या पडद्यावर उभे राहिले, तर त्याचे कौतुक करण्यापूर्वी या दोन प्रश्नांची उत्तरे तपासून पाहावीत. सावकार किती हसतमुख आहे, यावरून कर्जाच्या अटी ठरत नाहीत, हे खरी गावे आपल्याला फार पूर्वीच शिकवून चुकली आहेत.