चावडीवर बोलके, सभेत मुके

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटचा भाव ठरत असता, किंवा मंचरास कांद्याच्या ढिगापुढे घासाघीस चालली असता, तेथे क्षणभर उभे राहावे. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या माणसास बोलता येत नाही, असे म्हणण्याचे धाडस मग कोणी करणार नाही. परंतु हाच गृहस्थ ग्रामसभेस किंवा आपल्या सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेस जाऊन बसला म्हणजे त्याची जीभ टाळूस चिकटते. व्यासपीठावरून विषय वाचला जातो, पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ असा घोष होतो आणि मोठमोठ्या जमाखर्चावर पाहता पाहता शिक्कामोर्तब होते. सभा सुटल्यावर मात्र चहाच्या दुकानात त्याच जमाखर्चाची चिरफाड रात्रीपर्यंत चालते. चहाच्या दुकानातील भाषण इतिवृत्तात येत नाही, ही गोष्ट आमच्या बांधवांच्या ध्यानात केव्हा येणार?

बोलणाऱ्याची मातीही विकते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही विकत नाही, ही म्हण आमच्या व्यापारी वाचकांस नवीन नाही. दुकानात जी गोष्ट खरी, ती सभेत शतपट खरी आहे. वर्षातून निदान चार ग्रामसभा भरविल्या पाहिजेत असा कायदा आहे. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगरी गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथे 1996 च्या पेसा कायद्याने हिरड्यासारख्या गौण वनोपजावरील हक्क ग्रामसभेच्या हाती दिला आहे, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे दाव्याची पहिली पडताळणीही ग्रामसभेतच व्हावयाची असते. म्हणजे ज्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे, त्याने चार माणसांत उभे राहून ती नीट सांगितली पाहिजे. तो गप्प राहिला तर कायदा पुस्तकात राहतो आणि जमीन हातची जाते.

स्त्रियांच्या बाबतीत तर हे मौन लाजिरवाणे आहे. नाणेघाटाच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक प्रसिद्ध लेख आहे. सातवाहन राणी नागनिका हिच्या नावाने तो ओळखला जातो, आणि यज्ञांचा व दक्षिणेचा हिशेब त्यात कोरलेला आहे. त्याच जुन्नर प्रांतात, 2011 पासून महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असता, पाटीवर नाव सरपंचबाईंचे आणि सभेत आवाज त्यांच्या यजमानांचा, असा प्रकार कित्येक ठिकाणी दिसतो. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी असे कायद्याने सांगितले आहे. ती कागदोपत्री न उरकता मनापासून भरविली, तर भगिनींस बोलण्याचा सराव करण्यास त्याहून चांगली जागा नाही.

हे मौन येते कोठून? आमच्या मते त्याचे मूळ शाळेत आहे. ‘अध्यक्ष महाशय, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ येथून आरंभ करून दुसऱ्याने लिहून दिलेले भाषण घोकून म्हणणे, यालाच आम्ही वक्तृत्व समजलो. एक शब्द विसरला की मुलगा रडकुंडीस येतो, आणि ती भीती जन्मभर त्याच्या मानगुटीवर बसते. वास्तविक आमच्याच मातीत याहून चांगले गुरू होऊन गेले. विठाबाई भाऊ मांग यांच्या नारायणगावी तमाशातील सोंगाड्या बतावणी रंगवितो तेव्हा त्याच्या हातात कागद नसतो. समोरच्याचे बोलणे कान देऊन ऐकावे आणि त्यावरच उत्तर द्यावे, हीच त्याची विद्या. मोठमोठ्यांपुढे कसे बोलावे हे पाहावयाचे असेल, तर 1888 साली पुण्यास ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीतील महात्मा फुले आठवावेत. शेतकऱ्याच्या वेषात ते उभे राहिले, आणि येथे दागिने घालून बसलेले लोक म्हणजे खरी रयत नव्हे, ती पाहावयाची तर खेड्यांत जावे, ही गोष्ट त्यांनी सांगितली. अलंकारिक भाषेचे तेथे कामच पडले नाही.

कोणी म्हणतील की बडबड्यांचा सुकाळ असता आणखी वक्ते कशास हवेत? आमचे उत्तर असे की, दहा जण बोलू शकत नाहीत म्हणूनच एकाची बडबड चालते. दुसरे कोणी म्हणतील की सभेत विचारले तर वैर येते. येते खरे, परंतु एकट्याने विचारले तरच. पाच जणांनी पाच प्रश्न वाटून घेतले तर वैर कोणाशी धरावयाचे?

यास उपाय खर्चाचा नाही. सभेपूर्वी अहवाल मागून घ्यावा व तो घरी वाचावा. त्यातील एकच आकडा निवडावा. उभे राहताच प्रस्तावना न करता प्रश्न विचारावा. शेवटच्या रांगेतील म्हाताऱ्यास ऐकू जाईल इतक्या सावकाश बोलावे. दोन मिनिटांत खाली बसावे. आणि बसण्यापूर्वी ‘याची इतिवृत्तात नोंद घ्यावी’ एवढे वाक्य न विसरता म्हणावे. सरावासाठी आमची एक सूचना आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. जुन्नर, ओतूर, मंचर, घोडेगाव येथील वाचनालयांनी व गणेशोत्सव मंडळांनी आता बोलणारे तयार करावेत. उत्सवाच्या दहा दिवसांपैकी एक संध्याकाळ लुटुपुटूच्या ग्रामसभेस द्यावी. एकाने अध्यक्ष व्हावे, एकाने गावचा खराखुरा अर्थसंकल्प वाचावा, आणि बाकीच्यांनी, त्यांतही स्त्रियांनी व तरुणांनी आधी, प्रश्न विचारावेत. व्यापारी मंडळी वर्गणी देतातच. यंदा त्यांनी वर्गणीबरोबर एक प्रश्नही द्यावा.

सभा आपल्या पैशाची, हक्क आपला आणि जीभही आपलीच. येत्या सभेस आमच्या वाचकांपैकी प्रत्येकाने निदान एकदा हात वर करावा, एवढेच आमचे मागणे आहे.